चाकाला हात लावायचा नाही!

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. महाळुंग्याच्या ज्या गॅरेजात मी वेल्डिंग करते, तिथून एक जुनी डॉज गाडी नवे रूप घेऊन बाहेर पडली. एका बागायतदाराच्या गोठ्यात ती कित्येक वर्षे कोंबड्यांचे घर होऊन पडली होती. आम्ही तिचे छप्पर चार इंच कापून खाली घेतले, बॉनेट काढून इंजिन उघडे ठेवले, मागे रुंद चाके बसवली. अमेरिकेत अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. छप्पर खाली घेणे वाटते तितके सोपे नसते. काचेशेजारचे खांब तिरके असतात, त्यामुळे मधला तुकडा काढला की वरचा खांब खालच्यावर बसतच नाही. पुठ्ठ्यावर मापे काढून, पत्रा तापून वाकू नये म्हणून लांब लांब टाके घालत तो सांधा मी जुळवला. गोधडीला आधी धावदोरा घालतात ना, तसा.

गाडी न्यायला मालक आले. पेढे वाटले, फोटो निघाले. ‘पोरांनी कमाल केली’, म्हणाले. मी तिथेच उभी होते, हातमोजेसुद्धा काढले नव्हते. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘ताई, जरा चहाचं बघता का?’

ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांना दिसलेच नाही. का दिसले नाही, ते सांगायला ही लेखणी उचलली आहे.

आपल्याकडे नांगराला बाईने हात लावायचा नाही. पेरणी, खुरपणी, कापणी सगळी तिची, पण नांगर धरायचा पुरुषाने. कुंभारवाड्यात माती चाळायची, तुडवायची बाईने. चाकाला मात्र तिचा हात चालत नाही. म्हणजे बंदी कष्टाला कधीच नव्हती, साधनाला होती. ज्या अवजाराने वस्तूला आकार येतो, तेवढे तिच्या हाती द्यायचे नाही! स्वतंत्र भारताने १९४८ साली कारखाना कायदा केला, त्यातही हीच रीत शिरली. त्याच्या कलम २२ ने बाई आणि अल्पवयीन मूल यांना एकाच वाक्यात बसवले आणि चालू यंत्राची सफाई, तेलपाणी, जुळवाजुळव दोघांनाही मना केली. खास शिकवलेला प्रौढ पुरुष मात्र चालत्या यंत्राला तेल घालू शकत होता. मग खास शिकवलेली बाई का चालली नसती? यंत्र काय बोट तोडताना बाई-पुरुष पाहते?

१९७४ साली टेल्कोने पुण्याच्या नोकरीसाठी जाहिरात दिली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असे तिच्यात छापले होते. सुधा कुलकर्णी या तरुण इंजिनिअर मुलीने, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि ती नोकरी मिळवली. आज चित्र बदलले आहे. त्याच टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी जोडायला बायकांची लाइन उभी राहिली. चाकणला बजाजची डोमिनार मोटरसायकल बायकांनी जोडली. ही वाट भांडून मिळालेली आहे, तिला मी नावे ठेवणार नाही.

पण मैत्रिणींनो, मी स्वतः एका सप्लायर कंपनीत तीन वर्षे लाइनवर उभी राहिले आहे. आयटीआयचे वेल्डरचे सर्टिफिकेट हातात असताना मला वायरिंगवर टाकले. कारण काय, तर ‘बायकांची बोटं नाजूक’. पत्र्याच्या त्या भोकात तीच क्लिप पाळीभर दाबायची. भोक तिथेच का, क्लिप अशीच का, हे विचारायची सोय नाही. ही माती तुडवणेच झाले. चाक कुठे आहे? चाक आराखड्याच्या टेबलावर आहे. चाकणला तयार झालेली महिंद्राची एक्सयूव्ही ५०० ही गाडी २०११ साली बाजारात आली. तिचा आराखडा जिच्या नेतृत्वाखाली झाला ती रामकृपा अनंतन नावाची एक बाई. आपल्या महाळुंग्यातल्या किती जणींना हे नाव ठाऊक आहे?

आमच्या गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक जुनी साथी म्हणाली, ‘पगाराचा, पाळणाघराचा प्रश्न सोडून पैसेवाल्या पुरुषांचे हे चोचले कशाला?’ तिला मी इथे जाहीर उत्तर देते.

पहिली गोष्ट, या चोचल्यांना पैसा कोणाचा? आमची जमीन एमआयडीसीत गेली. मोबदला आला तेव्हा भावाने गाडी घेतली, तिला रुंद टायर आणि रंगीत दिवे बसवले. आणि मी हक्कसोडपत्रावर सही केली. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क आहे. तरी माहेर तुटेल म्हणून आपण सह्या करतो. भावाच्या हौसेत बहिणीचा वाटा गेलेला असतो.

दुसरी गोष्ट, हॉट रॉड हा मुळात श्रीमंतांचा खेळ नव्हताच. कॅलिफोर्नियातल्या साध्या घरच्या पोरांनी स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड गाड्या सोलून, हलक्या करून पळवल्या आणि त्या खेळातच ती शिकली. आपल्याकडेही मेकॅनिक असाच तयार होतो. बारा वर्षांचा पोरगा गॅरेजच्या दारात तासन्‌तास रेंगाळतो, पाने देतो, नट हरवतो, शिव्या खातो आणि शिकतो. त्याच वयाच्या पोरीला दिवे लागायच्या आत घरी बोलावतात. कौशल्य रिकाम्या वेळात येते, बायांनो, आणि तो रिकामा वेळच आपल्याला कधी मिळत नाही! म्हणून हौस हा हक्काचा प्रश्न आहे.

२०१७ साली अमेरिकेत बोगी लेटिनर या मेकॅनिक बाईने नव्वदहून अधिक बायका जमवल्या आणि १९५७ चा शेव्हरोले ट्रक नव्याने घडवला. कित्येकींनी त्याआधी पाना धरलेला नव्हता. तो ट्रक लास वेगासच्या सेमा प्रदर्शनात मांडला गेला. हे महाळुंग्यात का होऊ नये?

कायद्याची अडचण मी लपवत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज नोंदणी दिली, पण मूळ रूप राखले असेल तरच. म्हणून आमची डॉज मालकाच्या आवारातच फिरते. मूळ रूप बदलायचे नाही हा नियम गाडीला रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी लावला, हे समजते. बाईला तो कोणाच्या सुरक्षेसाठी लावला आहे?

तेव्हा मागण्या स्पष्ट मांडू. आयटीआयच्या दारात मुलीला शिवणाकडे आणि ब्यूटी पार्लरकडे वळवणे बंद करा. लाइनवरच्या बाईला वेल्डिंग, मेंटेनन्स, टूलरूमची दारे उघडा. आणि आपल्या बचत गटांनी पापड-मसाल्याच्या यंत्राबरोबर एक वेल्डिंग मशीनही घ्यावे. शिकवायला मी रविवारी येईन, पैसे नकोत.

चहा मी केला नाही, हे सांगायचे राहिले. त्या डॉजच्या छपराला आतून अस्तर लावण्यापूर्वी मी पत्र्यावर वेल्डिंगने माझे नाव घातले आहे. मालकाला ते दिसणार नाही, पण गाडी आहे तोवर ते तिथे आहे. पुढच्या गाडीवर मात्र मी नाव अस्तराखाली घालणार नाही.