घोषणेकडून ठरावाकडे

विद्यार्थी संघटना आणि विद्यार्थी संघ या दोन भिन्न संस्था होत. संघटना एका विचाराच्या तरुणांची असते; संघ हा विद्यापीठातील सर्व विद्यार्थ्यांचा, म्हणजे आपल्या विरोधकांचाही असतो. चळवळीतील कार्यकर्ते हा भेद पुष्कळदा विसरतात आणि संघाकडे केवळ भरतीचे मैदान म्हणून पाहतात. त्यामुळे मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, कुलगुरू आश्वासन देतात आणि विद्यापीठाचा नियम जागचा हलत नाही.

विद्यार्थी नियम बदलू शकतात याचे ठळक उदाहरण दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे आहे. 1969 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात विद्यार्थी संघाने प्रवेशाच्या धोरणालाच हात घातला. मागास जिल्ह्यांतून आणि अल्प उत्पन्नाच्या घरांतून येणाऱ्या उमेदवारांना अधिक गुण देण्याची पद्धत या लढ्यातून आली. 1983 च्या आंदोलनानंतर विद्यापीठ काही काळ बंद राहिले आणि ती पद्धतही काढून घेण्यात आली. परंतु विद्यार्थ्यांनी तो विषय सोडला नाही. सुमारे दहा वर्षांनी ती पद्धत पुन्हा लागू झाली. मागणी आकड्यांत आणि नियमाच्या भाषेत मांडलेली होती, म्हणूनच विद्यार्थ्यांच्या पिढ्या बदलल्या तरी ती टिकली.

महाराष्ट्राची कथा वेगळी आहे. 1989 साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. पुढे 1994 च्या कायद्याने प्रत्यक्ष निवडणुकांऐवजी गुणानुक्रमावर बेतलेली विद्यार्थी परिषद आणली. हिंसेवर उपाय म्हणून मतदानच काढून घेतले गेले! परीक्षेत पहिला येणारा विद्यार्थी हुशार असेल. पण ज्याला कोणी निवडून दिलेले नाही त्याने कोणाच्या वतीने बोलावे? 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकीची तरतूद केली. 2019 साली वेळापत्रक जाहीर झाले आणि निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. ही तरतूद अमलात आणवून घेणे ही आपली पहिली मागणी असली पाहिजे.

मात्र निवडणूक हे साधन आहे. निवडून आल्यावर करावयाचे काय? एक उदाहरण हिशेबासह मांडतो. शासकीय शिष्यवृत्ती उशिरा जमा होते आणि खानावळीचे बिल मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते. या दोहोंच्या फटीत सापडलेला शेतमजुराचा मुलगा सत्राच्या मध्यावर गावी परततो. ‘शिष्यवृत्ती वेळेवर द्या’ ही घोषणा रास्त आहे, पण ती पुरी करणे विद्यापीठाच्या हाती नाही. खानावळीसाठी आगाऊ रक्कम देणारा फिरता निधी उभारणे मात्र त्याच्या हाती आहे. समजा, 200 विद्यार्थ्यांना दरमहा 2,500 रुपये याप्रमाणे सहा महिने आगाऊ दिले, तर 30 लाख रुपये लागतील. ही रक्कम खर्च होत नाही. शिष्यवृत्ती जमा होताच ती परत येते. आठ टक्के दराने या रकमेचे सहा महिन्यांचे व्याज जास्तीत जास्त 1 लाख 20 हजार रुपये. पाच टक्के रक्कम बुडेल असे धरले तरी आणखी दीड लाख. म्हणजे एकूण 2 लाख 70 हजारांत 200 मुले शिक्षणात टिकतात. हा हिशेब समोर ठेवला की ‘पैसा नाही’ हे उत्तर देणे अवघड होते.

असा ठराव घेऊन संघाने अंदाजपत्रकापूर्वी अधिसभेच्या सदस्यांना गाठावे, प्राध्यापक आणि सेवक यांच्या संघटनांचा पाठिंबा मिळवावा. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव यांना कायद्याने अधिसभेत स्थान दिले आहे, ते चहापानासाठी नव्हे.

काही साथी म्हणतील की समित्यांच्या कागदात लढ्याची धार बोथट होते. ही भीती निराधार नाही. रस्त्यावरील दडपणावाचून ठराव फायलीत पडून राहतो; पण ठरावावाचून निघालेला मोर्चा प्रवेशद्वारापाशीच विरतो. दोन्ही हवेत, आणि तेही त्याच क्रमाने: आधी अभ्यास, मग ठराव, मग मोर्चा.

आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली स्वीकारलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशींनुसार विद्यार्थ्याला पदाधिकारीपदाची निवडणूक एकदाच लढवता येते. धोरण बदलायला मात्र एका वर्षाहून अधिक काळ लागतो. म्हणून मावळत्या संघाने येणाऱ्या संघाच्या हाती, मग तो विरोधी गटाचा का असेना, चालू प्रस्तावांची पूर्ण फाईल सोपवली पाहिजे.

आपल्या अभ्यासवर्गांतून तरुणांना सिद्धान्त शिकवला जातो. त्याच्या जोडीला विद्यापीठाचे अंदाजपत्रक वाचण्यासही शिकवावे. समतेचा आग्रह ज्याला धरावयाचा आहे, त्याला खर्चाच्या रकान्यात विषमता कोठे दडली आहे हे दाखवता आले पाहिजे.