गडचांदूरच्या माणसानं डॉलर-रियाल घ्यायचे कुठून?

पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांच्या घरातलं कोणी उमराला, लुंबिनीला, थायलंडला किंवा कामासाठी आखातात निघालं आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. पैशाचा प्रश्न आहे, आणि पैसा तुमचाच आहे.

गडचांदूर, राजुरा, कोरपना, जिवती या पट्ट्यातून आता परदेशात माणसं जातात, ही काही नवलाईची गोष्ट राहिली नाही. यात श्रीमंत किती? बोटावर मोजण्याइतके. बाकी कोण? दहा-दहा वर्षं पैसे साठवून मक्का-मदिनेला जाणारी म्हातारी माणसं. ज्या चंद्रपुरात 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या जिल्ह्यातून बुद्धाच्या जन्मभूमीला निघालेले उपासक-उपासिका. सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे फिटर, वेल्डर म्हणून राबलेली आणि आता दुबई-कतारची वाट धरणारी पोरं. शिक्षणासाठी कर्ज काढून जाणारी एखादी मुलगी.

यांचं तिकीट मोबाईलवर निघतं. पासपोर्टचं काम सरकारनं 2017 पासून मोठ्या पोस्ट ऑफिसांत आणायला सुरुवात केली. पण खिशात ठेवायला 500 रियाल किंवा 200 डॉलर पाहिजेत म्हटलं, की गाडी अडते. गावातल्या बँकेत विचारा. मी एकापेक्षा जास्त शाखांत विचारलं आहे. उत्तर ठरलेलं, "आमच्या ब्रँचला हे काम होत नाही. नागपूरला पाहून घ्या." नागपूरला म्हणजे कुठं, कोणत्या शाखेत, कोणती कागदं घेऊन, हे सांगायची तसदी कोणी घेत नाही. दोनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर, जायचा एक दिवस, यायचा एक दिवस, मजुरी बुडते ती वेगळीच.

मग टूरवाला एजंट म्हणतो, "काहून टेन्शन घेता काका? रियाल मीच देतो ना." आणि काका मान डोलावतात. खरी लूट इथून सुरू होते.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याला कायदा अडवत नाही. अडवतो तो बँकांचा आळस. आणि त्या आळसावर एजंटचं दुकान चालतं.

एक काळ होता, जेव्हा देशाकडेच डॉलर नव्हते. सत्तरच्या दशकात परदेशी निघालेल्या भारतीयाच्या हातात रोख आठ डॉलर टेकवले जात, असं जुने लोक सांगतात ते खरं आहे. 1973 चा फेरा कायदा इतका कडक होता, की घरात चार विदेशी नोटा सापडल्या तरी माणूस गुन्हेगार ठरू शकत होता. 1991 च्या जुलैत तर जवळपास 47 टन सोनं विदेशात गहाण टाकून देशाला डॉलर उभे करावे लागले. तेव्हा बँकवाला "नाही" म्हणत होता, त्याला कारण होतं.

आज काय आहे? फेरा गेला, 1 जून 2000 पासून फेमा आला. 2004 मध्ये रिझर्व्ह बँकेनं सामान्य माणसाला वर्षाला 25,000 डॉलर बाहेर पाठवायची, खर्चायची सूट दिली. ती वाढत वाढत 2015 मध्ये 2,50,000 डॉलर झाली. देशाच्या परकीय गंगाजळीनं 2024 च्या सप्टेंबरात 700 अब्ज डॉलरचा आकडा ओलांडला. देशाजवळ 700 अब्ज, आणि कोरपना तालुक्यातल्या माणसाला 200 डॉलरसाठी नागपूर! हे कोणत्या हिशोबात बसतं?

बँकवाले म्हणतील, "छोट्या गावात तेवढं गिऱ्हाईक नाही. नोटांचा साठा ठेवणं परवडत नाही." चला, मानलं. परकीय चलनाचं काम बँका निवडक शाखांनाच देतात, हेही खरं. पण साठा ठेवा असं म्हणतं कोण? अर्ज गडचांदूरच्या शाखेनं घ्यावा, कागद तपासावेत, पैसे खात्यातून वळते करावेत आणि चार दिवसांनी नोटा चंद्रपूर-नागपूरहून मागवून द्याव्यात. फॉरेक्स कार्ड द्यायचं असेल तर नोटांचीही गरज नाही. सिमेंट उद्योगाला लागणारा पेटकोक आणि विदेशी कोळसा डॉलरमध्येच येतो. तिथं करोडोंचे व्यवहार बँका बिनबोभाट करतात. तिथं "आमच्या ब्रँचला होत नाही" असं कोणी म्हणत नाही. मग नियम मोठ्याला एक आणि काकांना दुसरा काहून?

आता एजंटकडे वळू. सगळेच लुटारू आहेत असं मी म्हणत नाही. काही जण खरोखर मदत करतात, व्हिसापासून व्हीलचेअरपर्यंत सगळं पाहतात. त्यांनी त्या सेवेचे पैसे घ्यावेत, उघड घ्यावेत. माझा आक्षेप लपवलेल्या दरावर आहे.

हिशोब समजून घ्या, फार अवघड नाही. सौदीचा रियाल डॉलरला बांधलेला आहे. 1 डॉलर म्हणजे 3.75 रियाल, आणि हे 1986 पासून बदललेलं नाही. म्हणजे पेपरात किंवा मोबाईलवर डॉलरचा भाव पाहायचा आणि त्याला 3.75 नं भागायचं. समजा डॉलर 90 रुपये आहे, तर रियालचा बाजारभाव 24 रुपये. दुबईच्या दिरहमचंही तसंच, तिथं 3.67 नं भागा. परवानाधारक दुकानदार यावर थोडा नफा ठेवणार, ते रास्त आहे. पण एजंट 25 रुपये 50 पैसे लावत असेल तर? 2,000 रियालचे बाजारभावानं 48,000 रुपये होतात, तो घेतो 51,000. एका माणसामागे 3,000 रुपये. चाळीस जणांच्या जथ्थ्यात 1,20,000. ठेकेदाराकडे 3,000 रुपये मिळवायला किती दिवस हजेरी लावावी लागते, ते कारखान्याच्या गेटवर उभं राहून कोणालाही विचारा.

विचारलं की एजंट सांगतो, "जीएसटी लागते ना भाऊ, 18 टक्के." अर्धं खरं सांगून पूर्ण फसवायची ही पद्धत. जीएसटी 18 टक्केच आहे, पण पूर्ण रकमेवर नाही. 1 लाख रुपयांपर्यंतच्या चलन बदलीत रकमेचा फक्त 1 टक्का हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्या 1 टक्क्यावर 18 टक्के कर लागतो. वरच्या उदाहरणात 48,000 वर कर येतो 86 रुपये 40 पैसे. पूर्ण 1 लाखाचं चलन घेतलं तरी 180 रुपये. रक्कम कितीही लहान असली तरी किमान 45 रुपये लागतात, एवढंच. त्यामुळे जीएसटीच्या नावावर कोणी हजार-दोन हजार सांगत असेल, तर तो पैसा सरकारकडे जात नाही, हे पक्कं समजा.

आणि पावती? पावती मागितली की चेहरा बदलतो. कारण बहुतेकांकडे परवानाच नसतो. चलन विकायचा अधिकार फक्त रिझर्व्ह बँकेनं अधिकृत केलेल्या बँका आणि मनी चेंजर यांना आहे, त्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवर आहे. बिनपरवाना माणसाकडून घेतलेलं चलन हा फेमाचा भंग ठरतो, आणि दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. दंड विकणाऱ्यालाच होतो अशा भ्रमात राहू नका. शिवाय नोट खोटी निघाली तर? तिकडे जेद्दाच्या दुकानात आपला म्हातारा माणूस उभा, भाषा येत नाही, हातात खोटी नोट आणि पावती नाही. कोणाला फोन लावणार?

लुंबिनीला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण तिथं वेगळीच चलाखी चालते. नेपाळला जायला डॉलर लागत नाहीत. उलट नेपाळ-भूतानच्या प्रवासासाठी परकीय चलन देऊच नये असा आपला नियम आहे. तिथं आपला रुपया चालतो, आणि दर 1993 पासून ठरलेला आहे. आपले 100 म्हणजे त्यांचे 160. कोणी 150 देत असेल तर दर शंभरामागे 10 नेपाळी रुपये त्यानं खाल्ले. दुसरी गोष्ट मोठ्या नोटांची. 2018 च्या डिसेंबरात नेपाळनं आपल्या 100 च्या वरच्या नोटांवर बंदी घातली होती. आपल्याकडूनही 100 च्या वरच्या नोटा न्यायच्या तर 25,000 रुपयांपर्यंतच नेता येतात. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात चौकशी करा आणि 100 च्या नोटांची गड्डी जवळ ठेवा. मार्च 2024 पासून नेपाळच्या दुकानांत आपलं यूपीआयही चालायला लागलं आहे. ते सुरू करून घेतलं तर रोख कमी लागते.

कार्डवाल्यांनीही सावध राहावं. साधं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात घासलं की बऱ्याच बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत जास्तीचा आकार लावतात, त्यावर जीएसटी वेगळा. निघण्याआधी आपल्या बँकेला हा आकडा विचारा. आणि तिकडच्या मशीननं "रुपयात पैसे देता की इथल्या चलनात?" असं विचारलं तर नेहमी तिथलं चलन निवडा. रुपया दिसला की आपल्याला बरं वाटतं, पण त्यात दर त्यांचा असतो आणि तो आपल्याला महागच पडतो.

आता हक्काचं ऐका. पासपोर्ट, पॅन कार्ड, तिकीट आणि व्हिसा एवढी कागदं घेऊन गेलात, की अधिकृत ठिकाणी चलन मिळायला पाहिजे. 50,000 रुपयांपेक्षा कमीचं असेल तर रोख देऊन घेता येतं, त्यावर असेल तर चेक, कार्ड किंवा खात्यातून. बहुतेक देशांसाठी नोटांच्या रूपात एका प्रवासाला 3,000 डॉलरपर्यंत मिळतात, त्यावरचं कार्डात. हज-उमरावाल्यांना यात जास्त सूट आहे. परत आल्यावर उरलेलं चलन 180 दिवसांत विकायचं, 2,000 डॉलरपर्यंत मात्र पुढच्या वेळेसाठी जवळ ठेवता येतं. यात कुठं "नागपूरच्या माणसाला" असं लिहिलं आहे का? नाही ना बाप्पा!

म्हणून माझ्या मागण्या जाहीर मांडतो.

एक. गडचांदूर, राजुरा, कोरपना इथल्या प्रत्येक बँक शाखेनं दर्शनी भागात मराठीत फलक लावावा. परकीय चलन इथं मिळतं की नाही, नसेल तर आमची जवळची कोणती शाखा देते, तिथला फोन नंबर काय, कागदं कोणती.

दोन. किमान एका शाखेनं आठवड्यातून एक दिवस अर्ज स्वीकारून चलन आणि फॉरेक्स कार्ड मागवून द्यावं.

तीन. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची जिल्हा समिती दर तीन महिन्यांनी बसते. पीककर्जाबरोबर हा विषयही तिच्या पटलावर यावा. आपल्या लोकप्रतिनिधींनी एवढं तरी विचारावं. सत्कार आणि उद्घाटनातून वेळ मिळाला तर.

चार. टूरवाल्यांनी पॅकेजचे पैसे वेगळे आणि चलनाचे पैसे वेगळे लिहून द्यावेत. चलनाची पावती परवानाधारकाचीच असावी.

आणि पाचवी गोष्ट तुमच्यासाठी, वाचणाऱ्यांसाठी. बँक "नाही" म्हणाली तर तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट. 14448 या नंबरवर माहिती मिळते. आपल्या भागातून अशी एकही लेखी मागणी गेली नाही, तर "गिऱ्हाईकच नाही" हे बँकेचं म्हणणं कागदावर खरंच राहील.

कोणी म्हणेल, पत्रकार साहेब, रस्त्यावरचे खड्डे, सिमेंटची धूळ, पाणी सोडून हे काय घेऊन बसले? खड्ड्यांवर लिहितोच, उद्याही लिहीन. पण वर्षानुवर्षं साठवलेल्या पैशातून धर्मयात्रेला निघालेल्या माणसाचे 3,000 रुपये कोणी गोडबोल्या खिशातून काढून घेत असेल, तर तो विषय लहान नाही.

मागच्या दोन वर्षांत ज्यांनी एजंटकडून रियाल, दिरहम, डॉलर, बाट घेतले, त्यांनी किती दर लागला आणि पावती मिळाली का, एवढंच कमेंटमध्ये लिहा. नाव लिहायची गरज नाही, एजंटचंही नको. दर आणि महिना पुरे. पन्नास जणांनी लिहिलं, तर त्या दिवसांचा बाजारभाव शेजारी मांडून मी तक्ता करतो आणि जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन देतो. मग "तक्रारच आली नाही" असं म्हणायला कोणाला जागा राहणार नाही.