लाल दिवा लागला तर रीसेट दाबू नका

आपल्या जबलपूरच्या मराठी मंडळींना एक विनंती आहे. वायफायच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला लाल दिवा लुकलुकू लागला की आपण डबा बंद-चालू करतो. नाहीच जमलं तर वैतागून टाचणीने मागचं रीसेट दाबतो. बंद-चालू करण्याने काही बिघडत नाही. पण रीसेटने डब्यातली सगळी सेटिंग पुसली जाऊ शकते, मग लाइन जोडून आली तरी नेट येत नाही.

त्या दिव्याचा अर्थ एवढाच की तारेतून येणारा उजेड डब्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा आधी तार बघा. आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईत कपाट मागे सरकवलं आणि तार भिंतीशी चेपली. कपाट चार बोटं पुढे ओढलं, दिवा विझला. ही तांब्याची वायर नव्हे, काच आहे. उजेडाची वाट जेमतेम 9 मायक्रॉनची, केसाहून कितीतरी बारीक. खिळ्याला घट्ट गुंडाळली की वळणावर उजेड बाहेर गळतो. सैल, वाटीच्या तोंडाएवढी वेटोळी ठेवा.

टोक उपसून पदराने पुसायचा मोह आवरा. एक धूळकणही वाट अडवतो. आणि टोक डोळ्यासमोर धरून 'उजेड येतोय का' हे तर कधीच पाहू नका. तो उजेड डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

तार ठीक असेल तर शेजारी विचारा. सगळ्यांकडे लाल असेल तर बिघाड बाहेरचा, एकट्या तुमच्याकडे असेल तर बहुधा खांबापासून घरापर्यंतच्या तारेत. तक्रार देताना 'नेट चालत नाही' म्हणू नका, 'एलओएस लाल आहे, शेजारचं चालू आहे' असं सांगा. लाइनमन आला की त्याच्या उजेड मोजायच्या मीटरवरचा आकडा विचारून डब्यावर लिहून ठेवा. वजा 20च्या आसपास उत्तम; वजा 27च्या पलीकडे गेला तर दिवा पुन्हा लागणार. आकडा तीनने घसरला म्हणजे उजेड निम्मा झाला, हे ध्यानात असू द्या. 1942 पासून टेलिफोनवाल्यांना शिकवणारी संस्था ज्या गावात आहे, तिथल्या गिऱ्हाइकाला एवढं यायलाच हवं!

आता रस्त्याचं. खोदकामात देशात वर्षाला सुमारे 10 लाख वेळा केबल तुटते, असं सरकारच सांगतं. म्हणून मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आलं. खोदणाऱ्याने आधी त्यावर कळवलं की तिथे ज्यांच्या केबल आहेत त्यांना निरोप जातो. नळजोडणीसाठी दारात खड्डा घ्यायचा असेल, तर पहिली कुदळ पडायच्या आधी ठेकेदाराला विचारा, "भैया, ॲप पर डाला क्या?"