आधी अंदाज, मग पट्टी

घरात सहावी-सातवीतलं मूल असेल तर आज त्याला दोन प्रश्न विचारा. एका मीटरमध्ये सेंटिमीटर किती? शंभर. उत्तर तोंडावरच असतं. मग विचारा, आपल्या स्वयंपाकघराचं दार किती मीटर उंच असेल? आता मूल दाराकडे बघेल, तुमच्याकडे बघेल आणि सुचेल तो आकडा सांगेल. पाच मीटर, कदाचित दहा मीटर. दार 2 मीटरच्या थोडं वर असतं. 10 मीटर म्हणजे तीन मजल्यांची इमारत झाली.

सातवी-आठवीला विज्ञान शिकवताना मी हे वर्षानुवर्षं पाहिलंय. दशांशचिन्ह किती घरं सरकवायचं ते मुलांना येतं, किलो-हेक्टो-डेका तर पाढ्यासारखं म्हणतात. पण पन्नास ग्रॅम हातावर ठेवले तर किती जड लागतात, हे कुणी सांगू शकत नाही. मापं तोंडात आहेत, हातात उतरलेली नाहीत.

यात मुलांचा दोष नाही. घरी त्यांच्या कानावर काय पडतं ते बघा. दादाची उंची पाच फूट सात इंच, बाळाला शंभर ताप, टीव्ही बत्तीस इंची, आजीच्या पाटल्या चार तोळ्यांच्या, गावाकडे वीस गुंठे, बांधकामाला दोन ब्रास वाळू. शाळेत गेलं की मीटर, सेल्सिअस, ग्रॅम आणि हेक्टर. घरची भाषा एक आणि वर्गातली दुसरी म्हटल्यावर वर्गातली पाठच करावी लागणार.

आपल्याकडे मेट्रिक वजनं 1 ऑक्टोबर 1958 पासून लागू व्हायला लागली. नवा पैसा त्याआधी, 1 एप्रिल 1957 ला आला होता. शेर सुमारे 933 ग्रॅमचा होता. तो गेला, पण पावशेर हा शब्द मंडईत टिकून राहिला. पूर्वीचा पावशेर 233 ग्रॅमच्या आसपास भरायचा. आज पावशेर मिरच्या मागितल्या तर 250 ग्रॅम मिळतात. सराफाकडे मात्र उलटं झालं: जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, आताचा 10 ग्रॅमचा. भाजीत वाढलं आणि सोन्यात घटलं, यावरून काय ओळखायचं ते ओळखा! जमिनीत तेवढी सोय आपोआप झाली आहे. सातबाऱ्यावरचा एक आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि एक गुंठा सुमारे 101. गुंठा डोळ्यांपुढे आणता येणाऱ्या आजोबांना आर वेगळा शिकावा लागत नाही.

तोळा आणि गुंठा घरातून हाकला असं मी म्हणत नाही. माझी विनंती एवढीच आहे की महिनाभर घरात मोजामोजी होऊ द्या आणि ती मुलाच्या हातून होऊ द्या. नियम एकच. आधी अंदाज सांगायचा, तो वहीत लिहायचा, मग मोजायचं आणि अंदाजाशेजारी माप लिहायचं. दोन्हीपुढे एकक लिहायचंच. अंदाज चुकला म्हणून तो खोडायचा नाही आणि मोठ्यांनीही हसायचं नाही. पहिल्या आठवड्यात अंदाज भलतीकडेच जातील. तिसऱ्या आठवड्यात मूल टेबलाकडे बघून सव्वा मीटर म्हणेल आणि खरंच तितकं निघेल, तेव्हाचा त्याचा चेहरा बघा.

सुरुवात शरीरापासून बरी. आपली वीत किती सेंटिमीटर? कोणत्या बोटाचं नख साधारण 1 सेंटिमीटर रुंद आहे? चालताना एक पाऊल किती पडतं? ही मापं मुलाला कुठेही बरोबर नेता येतात.

मग पट्टी. कंपासपेटीतल्या बऱ्याच पट्ट्यांवर शून्याची रेघ कडेपासून जराशी आत असते. मुलं कड लावतात आणि दोन-तीन मिलिमीटर तिथेच हुकतात. पट्टीचं टोक झिजलं असेल तर 1 च्या रेघेपासून मोजायचं आणि शेवटी 1 वजा करायचा. डोळा आकड्याच्या बरोबर समोर हवा, तिरपं पाहिलं की रेघ सरकते. हीच गोष्ट वर्गात 'लंबन दोष' या नावाने येते आणि नावालाच मूल घाबरतं. पट्टी नीट धरली का हे तपासायला दहा रुपयांचं नाणं मोजायला द्या. व्यास 27 मिलिमीटर आला पाहिजे.

कागदाची जाडी मोजायला सांगून तर बघा. एक कागद पट्टीवर मोजता येत नाही, हे मुलाला आधी कळू द्या. युक्ती त्यालाच सुचली तर उत्तम. नाहीतर 200 पानी वही घ्या, पुठ्ठा सोडून कागद घट्ट दाबून मोजा, साधारण 8 मिलिमीटर भरतील. आता भागायचं किती ने? बहुतेक मुलं 200 ने भागतात. 200 पानी वहीत कागद साधारण शंभरच असतात!

स्वयंपाकघरात तेलाची पिशवी आहेच. तिच्यावर 1 लिटर आणि 910 ग्रॅम, असं दोन्ही छापलेलं असतं. पाण्याचा लिटर किलोभर भरतो, मग तेलाचे 90 ग्रॅम गेले कुठे, हा प्रश्न मुलाला दोन दिवस छळू द्या, उत्तर लगेच सांगू नका. आकारमान आणि वस्तुमान यांतला फरक त्या पिशवीत आहे. अर्ध्या लिटर दुधाचं वजन केलंत तर ते 500 ग्रॅमच्या थोडं वर जातं, म्हणजे दूध पाण्याहून जड.

औषधाच्या बाबतीत मात्र अंदाजाचा खेळ नको. डॉक्टरांनी 5 मिलिलिटर लिहिलं असेल तर बाटलीबरोबर आलेल्या मापाच्या टोपणानेच द्या, घरातल्या चमच्यांत कोणता लहान तर कोणता मोठा. जलसंजीवनीची काही पाकिटं लिटरभर पाण्यासाठी असतात, काही 200 मिलिलिटरसाठी. पाकिटावर लिहिलेलं वाचायचं आणि तेवढंच पाणी मोजून घ्यायचं. हे काम मुलाला शिकवाच.

आता शिक्षक मित्रांना दोन शब्द. मोजपात्रं कपाटातून बाहेर काढा. काचेची फुटतील म्हणून भीती असेल तर प्लॅस्टिकची घ्या. पाण्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट दिसतो आणि त्याच्या तळाशी डोळा नेऊन वाचायचं असतं, हे फळ्यावर आकृती काढून कळत नाही, गुडघ्यावर बसून कळतं. आणि एक जुनी खोड आता मोडू या. एकाच फळ्याची लांबी चार गटांनी मोजली आणि 243, 244, 244, 246 सेंटिमीटर अशी उत्तरं आली, तर 'बरोबर कुणाचं' असं विचारू नका. फरक का पडला ते विचारा. मापांचं जुळणं आपण इतकं मनावर घेतलंय की मुलं प्रयोगवहीत उत्तर आधी लिहितात आणि निरीक्षणं मागून भरतात. आपणही शाळेत असताना तेच केलं होतं, खोटं कशाला बोला! ज्याचं माप वेगळं आलं आणि ज्याने ते तसंच लिहिलं, त्याला गुण द्या.

आज रात्री जेवणं झाली की दारापासून सुरुवात करा. पट्टी पंधरा सेंटिमीटरचीच असेल तर शिवणाच्या डब्यातली टेप घ्या, फक्त इंचांची बाजू मागे राहू द्या.