विकत घेतलेली वस्तू कोणाची?

आपल्या पेढ्या सांभाळणाऱ्या कुटुंबांतून हल्ली घरटी एक तरी यंत्रशौकीन निपजलेला आढळतो. पूर्वी घरात एखादा घड्याळवेडा असे, एखाद्यास रेडिओ उघडून पुन्हा जोडण्याचा नाद असे, आणि जोडून झाल्यावर दोन-चार स्क्रू उरले तरी रेडिओ वाजतो आहे ह्याचेच घरच्यांना कौतुक वाटे. आजचा शौकीन त्याच कुळातला होय. केवळ त्याची आयुधे बदलली आहेत. त्याच्या मनगटावरील घड्याळ तो किती पावले चालला हे मोजते. मात्र त्या घड्याळालाच रोज रात्री विजेचा रतीब घालावा लागतो. त्याच्या खोलीतील दिवा तोंडी आज्ञेने लागतो. पण इंटरनेट बंद पडले की हा गृहस्थ अंधारात उभा राहून दिव्याची आर्जवे करतो, आणि अखेर आजोबा उठून भिंतीवरचे बटण दाबतात. त्याच्या टेबलाचा खण उघडावा तर आत वायरींचे वारूळच दिसते; त्यातील निम्म्या वायरी कोणत्या यंत्राच्या हे त्याला आठवत नाही, आणि उरलेल्या निम्म्यांची यंत्रे केव्हाच भंगारात गेलेली असतात.

ह्या मंडळींची थट्टा करणे सोपे आहे. परंतु त्यांच्या बोलण्यात एक विषय वारंवार येतो, आणि तो आपण व्यापाऱ्यांनी लक्षपूर्वक ऐकण्यासारखा आहे. यंत्रशौकिनाची राजकीय मते पुष्कळदा पक्षाच्या निशाणीवरून ठरत नाहीत, एखाद्या स्क्रूवरून ठरतात. एका प्रख्यात अमेरिकन कंपनीने, अ‍ॅपलने, २००९ पासून आपल्या काही यंत्रांत पाच पाकळ्यांचे असे स्क्रू बसविण्यास आरंभ केला की जे घरच्या कोणत्याही स्क्रू-ड्रायव्हरने निघत नसत. वस्तू माझी, पैसे मी मोजले, मग ती उघडण्यास मला मज्जाव का, असा प्रश्न शौकिनाच्या मनात तेथे उभा राहिला. त्याचे सारे राजकारण ह्या एका प्रश्नात साठलेले आहे. आणि तो प्रश्न मुळात यंत्रशास्त्राचा नसून व्यापाराचा आहे.

व्यापाराचा पहिला नियम आपल्या वाडवडिलांनी कोणत्याही ग्रंथावाचून पाळला. मोल चुकते झाले, माल हाती पडला, की तो माल गिऱ्हाइकाचा. मग त्याने ते कापड शिवावे, फाडावे, की त्याची झालर करावी. दुकानदाराचा त्यावर हक्क उरत नाही. हाच नियम आपल्या कायद्यानेही लिहून ठेवला आहे. १९३०च्या मालविक्री कायद्याच्या १४व्या कलमात, खरेदीदारास मालाचा निर्वेध ताबा व उपभोग मिळेल, अशी हमी प्रत्येक विक्रीत गृहीत धरलेली आहे. पावतीवर ती लिहिलेली नसली तरी ती असतेच. पंच्याण्णव वर्षे उलटून गेली, कलम शाबूत आहे. परंतु विक्री मात्र हळूहळू अपुरी होत चालली आहे.

अपुरी म्हणजे कशी, ह्याचे दाखले जगजाहीर आहेत. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपल्या किंडल ह्या वाचनयंत्रावर लोकांनी विकत घेतलेली काही पुस्तके परस्पर पुसून टाकली. ज्या प्रकाशकाने ती विकावयास ठेवली होती त्यास तसा हक्क नव्हता, हे कारण खरे होते, आणि ग्राहकांस पैसेही परत मिळाले. परंतु पुस्तकविक्रेता रात्री घरात शिरून कपाटातील पुस्तक उचलून नेतो आणि उशाशी पैसे ठेवून जातो, ह्यास आपण व्यवहार म्हणणार नाही. गमतीची गोष्ट अशी की पुसलेल्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेलचे ‘१९८४’ होते. सर्वांवर नजर ठेवणाऱ्या सत्तेची कथा सांगणारे पुस्तक त्याच रीतीने नाहीसे झाले. कंपनीच्या प्रमुखांनी पुढे जाहीर क्षमा मागितली.

२०१६ साली रिव्हॉल्व नावाच्या यंत्राची कथा घडली. घरातील दिवे व इतर उपकरणे एका ठिकाणाहून चालविणारे हे यंत्र सुमारे ३०० डॉलरना विकले गेले होते. ती कंपनी गूगलच्या परिवारातील नेस्टने विकत घेतली, आणि १५ मे २०१६ रोजी त्यामागची सेवाच बंद केली. यंत्रात बिघाड झाला नव्हता, तरी त्या दिवसापासून ते निरुपयोगी झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात एचपीच्या अनेक छपाईयंत्रांनी दुसऱ्या कंपन्यांची शाईची नळकांडी स्वीकारण्याचे एकाएकी नाकारले, कारण आतल्या सॉफ्टवेअरमध्ये तशी आज्ञा आधीच घालून ठेवलेली होती. आपण कोणास कंदील विकला आणि पुढे त्यात आमच्याच दुकानाचे रॉकेल जळेल अशी व्यवस्था करून ठेवली, तर बाजारात आपली काय शोभा होईल?

डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केले की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरद्वारे कमी केला जात होता. मोबाईल अवचित बंद पडू नये म्हणून ही योजना केल्याचे कंपनीने सांगितले, आणि नवी बॅटरी बसविण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. फ्रान्सच्या सरकारी खात्याने फेब्रुवारी २०२० मध्ये ह्या प्रकरणी अडीच कोटी युरोंचा दंड केला. हा दंड वेग कमी केल्याबद्दल नव्हता, तर गिऱ्हाइकास तसे सांगितले नाही म्हणून होता. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. न सांगणे हाच येथे गुन्हा ठरला.

हे सर्व नव्या युगाचे पाप आहे असेही मानण्याचे कारण नाही. १९२४ साली जिनीव्हा येथे विजेचे दिवे करणाऱ्या बड्या कंपन्यांनी फीबस नावाचा संघ स्थापिला आणि दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणावयाचे ठरविले. त्याहून अधिक काळ जळणारे दिवे त्यापूर्वी बाजारात होते. जो कारखाना अधिक टिकाऊ दिवा करील त्यालाच संघाकडून दंड होई. म्हणजे वस्तू लवकर संपावी ही इच्छा जुनीच आहे. नवीन आहे ती विकलेल्या वस्तूवर दुरून हात ठेवण्याची सोय.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. लिथियमची बॅटरी अडाण्याने उघडली तर पेट घेते, हे खोटे नाही. सुटे भाग मोकळेपणाने विकले तर बनावट मालही त्यात मिसळतो. चोरीचे मोबाईल मोडून त्यांचे भाग विकण्याचा धंदा आहेच. सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे दुरुस्त करीत राहण्यास खर्च येतो, आणि तो एकदाच घेतलेल्या किमतीतून कायम भागत नाही. निर्मात्यांचे हे म्हणणे वाजवी आहे. परंतु ह्यातील प्रत्येक अडचणीस उपाय आहे, आणि तो उपाय गिऱ्हाइकाचा हक्क काढून घेणे हा नव्हे. सेवा सात वर्षेच देणार असाल तर सात वर्षे असे विक्रीच्या दिवशी सांगा; मासिक आकार घेणार असाल तर त्यास विक्री न म्हणता भाडे म्हणा. भाड्याने देण्यात काही कमीपणा नाही. भाड्याची वस्तू विकली म्हणून देण्यात आहे.

युरोपातील राष्ट्रांनी ही गोष्ट कायद्याने सांगण्यास आरंभ केला आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाईलना व अनेक लहान उपकरणांना एकाच घाटाचे चार्जिंगचे तोंड सक्तीचे झाले. आपल्या शौकिनाच्या खणातील वारूळ त्यामुळेच ओसरू लागले आहे. २० जून २०२५ पासून तेथे मोबाईलचे महत्त्वाचे सुटे भाग, त्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर ती दुरुस्त करणे किती सोपे आहे ह्याचे दहांपैकी गुण छापावे लागतात.

आपल्या देशातही ह्या दिशेने पावले पडली आहेत. मोटारींचे सुटे भाग बाहेरच्या कारागिरांस मिळू न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांस मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली, परंतु प्रश्न वेशीवर टांगला गेला तो गेलाच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ह्यांसाठी एक माहिती-पोर्टल उघडले. मात्र पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. इच्छेवर सोडलेली गोष्ट ज्याची इच्छा असते तोच करतो.

वास्तविक दुरुस्तीची विद्या आपल्याकडे भरपूर आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, इंदूरचा जेल रोड, हैदराबादची कोठी येथे फूटभर रुंदीच्या फळीवर भिंग लावून बसलेले कारागीर जे काम करतात ते पाहून परदेशी पाहुणे थक्क होतात. ह्या कारागिरांस सुटे भाग आणि नकाशे मिळाले नाहीत तर त्यांची फळी उठेल, आणि गिऱ्हाइकास तीनशे रुपयांच्या दुरुस्तीऐवजी पंधरा हजारांची खरेदी करावी लागेल. पंधरा हजारांची विक्री झाली म्हणून आपणांपैकी काहींस बरे वाटेल. परंतु फसलो असे वाटणारे गिऱ्हाईक पुन्हा आपल्या पायरीवर येत नाही, हे जाणत्या व्यापाऱ्यास सांगावयास नको.

शिवाय आपण केवळ विक्रेते नाही, आपणही गिऱ्हाईकच आहोत. आपल्या गल्ल्याजवळ जी ध्वनिपेटी रक्कम जमा झाल्याचे मोठ्याने सांगते, ती पुष्कळ ठिकाणी भाड्याची असते. त्याहून गंभीर गोष्ट आपल्या वह्यांची आहे. कीर्द-खतावणी लाल वहीत होती तेव्हा ती आपल्या कपाटात होती. आज ती अनेक पेढ्यांवर भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, दूरच्या कोणाच्या तरी यंत्रावर आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवाव्या लागतात. ते भाडे एखाद्या वर्षी थकले, अथवा ती कंपनीच बुडाली, तर अधिकाऱ्यासमोर आपण कोणती वही मांडणार? गिऱ्हाइकांची उधारी, मालाचे भाव, पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख, हे पेढीचे खरे भांडवल आहे. त्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असणे शहाणपणाचे नव्हे.

यास्तव सभासद बंधुभगिनींपुढे तीन सूचना ठेवाव्याशा वाटतात. पहिली, विजेवर किंवा इंटरनेटवर चालणारी वस्तू विकताना सुटे भाग किती वर्षे मिळतील, सॉफ्टवेअर किती वर्षे सुधारले जाईल आणि सेवा बंद झाल्यास वस्तूचे काय होईल, ह्यांची उत्तरे घाऊक विक्रेत्याकडून लेखी घ्यावी आणि गिऱ्हाइकाच्या बिलावर ती छापावी. दुसरी, हिशेबाचे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी आपला सर्व हिशेब दुसरीकडे वाचता येईल अशा रूपात बाहेर काढता येतो की नाही ते पाहावे, आणि प्रत्येक तिमाहीस त्याची एक प्रत आपल्या कपाटात ठेवावी. तिसरी, आपल्या संघाने दुरुस्तीचा हक्क पोर्टलवर न ठेवता कायद्यात आणावा असा ठराव करून तो आपल्या खासदारांकडे पाठवावा. एकट्या दुकानदाराचे म्हणणे मोठ्या कंपनीच्या कानी जात नाही. शेकडो दुकानांचे जाते, कारण तिचा माल आपल्याच फळीवरून विकला जातो.

घरातील यंत्रशौकिनासही ह्या कामी हाताशी धरावे. कोणत्या यंत्राची बॅटरी निघते, कोणत्याची चिकटवलेली आहे, कोणता करार आठव्या पानावर काय लपवितो, हे त्याला आपल्याहून अधिक समजते. आणि गिऱ्हाइकाचे मन आपल्याला त्याच्याहून अधिक समजते. दोघांचे ज्ञान एकत्र आले तर आपल्या दुकानाच्या पावतीस पुन्हा पूर्वीचा अर्थ येईल. पावती म्हणजे पैसे मिळाल्याचा कागद एवढाच तिचा अर्थ नाही. ही वस्तू आता तुमची झाली, आमचा तिच्यावर काही दावा उरला नाही, असे विक्रेत्याने दिलेले ते वचन आहे. जे वचन आपण पाळू शकत नाही असा माल आपल्या फळीवर ठेवताना, निदान तसे स्पष्ट सांगण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे.