खंगाळणें आणि घासणें

चांगदेवांच्या समाधीमुळें प्रसिद्ध असलेल्या पुणतांब्यास गोदावरीच्या घाटावर उतरतांना जाणतीं माणसें पाण्याला लागलेल्या पायरीवर पाऊल जपून टाकतात. तेथील दगडाचा निसरडेपणा नुसतें पाणी ओतून जात नाहीं. खराट्यानें घासावेंच लागतें. याचें कारण शोधूं गेल्यास आपल्या घरांतील एका नित्यकर्माचाही अर्थ उलगडतो.

नदीच्या पाण्यांत असंख्य सूक्ष्म जंतु व शेवाळाच्या पेशी तरंगत असतात. दगड पाण्यांत बुडाला कीं, त्यावर प्रथम सेंद्रिय द्रव्यांचा अत्यंत पातळ लेप बसतो. त्यावर एखादा जंतु येऊन टेकतो. ही पहिली पकड सैल असते. प्रवाहाचा जोर लागतांच ती सुटूं शकते. पण तो टिकला, तर शर्करावर्गीय द्रव्यांचा चिकट स्राव सोडून तेथेंच ठाण मांडतो. मग एकाचे दोन, दोहोंचे चार होत ही वसाहत दगडभर पसरते. या थरास शास्त्रज्ञ ‘बायोफिल्म’ म्हणतात.

दांतांवरील कीटण हाही असाच थर होय. हॉलंडमधील लेव्हेनहूक यानें १६८३ सालीं तें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलें, तेव्हां त्यास हलणारे जीव दिसले. शिरक्यानें चूळ भरली असतां बाहेरचेच जीव मरतात, आंतले सुरक्षित राहतात, हेंही त्यानें हेरलें.

कळशीच्या आंत बोट फिरविल्यास लागणारी बुळबुळ ती हीच. कळशी केवळ खंगाळून भरणें म्हणजे सैल जंतूंस निरोप देऊन पक्क्या रहिवाशांस ताजें पाणी पुरविणें होय. तांब्याच्या अंगीं जंतुनाशक गुण आहे खरा. परंतु आंत थर धरल्यास धातूचा पाण्याशीं स्पर्शच तुटतो. जंतुनाशक औषधाचे थेंबही थराच्या तळापर्यंत सहजासहजीं पोंचत नाहींत.

म्हणून तांब्यापितळेचीं भांडीं चिंच-मीठ लावून, गळ्याच्या आंतून व तळाच्या कडेनें हात फिरवून रोज घासावींत आणि उन्हांत पालथीं घालून कोरडीं करावींत. मुलांच्या पाण्याच्या बाटल्यांचीं झांकणें व पिंपाची तोटी यांस विसरूं नये. पावसाळ्यांत घरीं तान्हें मूल वा वृद्ध माणूस असल्यास आपण पाणी उकळतों, तें योग्यच. पण तें उकळलेलें पाणी न घासलेल्या कळशींत ओतलें, तर जळण मात्र फुकट गेलें!