कायद्याने मागितलेला तत्त्वज्ञ

बारावीनंतर तत्त्वज्ञान घेतो म्हणणाऱ्या मुलाला लातुरात घरचेच विचारतात, "पुढे काय?" ज्या शहराने ‘लातूर पॅटर्न’ घडवला, तिथे हा प्रश्न रास्त आहे. तोकडे पडते ते आपले, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांचे उत्तर. नेट-सेट करा, असे आपण आजही सांगतो. आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारे आपलेच विद्यार्थी डोळ्यांसमोर असतात. नाहीतर स्पर्धा परीक्षा सुचवतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे, त्यात आपल्या विषयाचा उपयोग होतो हे खरे. पण लाखोंतून मोजके निवडणाऱ्या परीक्षेच्या भरवशावर कुणाला विषय घ्यायला लावू नये.

एका कामाकडे मात्र आपण पुरेसे पाहिलेले नाही. औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार माणसांवर चाचणी घेण्याआधी नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागते. समितीत किमान ७ सदस्य, त्यांतले किमान निम्मे संस्थेबाहेरचे. डॉक्टर आणि कायदेतज्ज्ञ यांच्याबरोबर एक जागा इतर क्षेत्रातल्या व्यक्तीसाठी असते. तिथे समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी यांच्या जोडीने तत्त्वज्ञ आणि नीतितज्ज्ञ यांची नावे नियमातच लिहिलेली आहेत.

नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणच्या समितीपुढे येऊ शकणारे प्रश्न पाहा. नकार दिला तर उपचार थांबतील, अशी धास्ती घेऊन शेतमजूर बाईने संमतिपत्रावर अंगठा उठवला, तर ती संमती मानायची का? मोफत औषध हे गरिबासाठी आमिष ठरते का? कांट शिकवताना आपण नेमके हेच बोलतो, फक्त दवाखान्यात जाऊन बोलत नाही.

समितीच्या बैठकीला मानधन असते, पगार नसतो; त्यावर घर चालणार नाही, हे विद्यार्थ्याला स्वच्छ सांगावे. पण संमतिपत्रे सुबोध मराठीत आणणे, चाचणीची कागदपत्रे सांभाळणे, सहभागी रुग्णांशी बोलणे ही संशोधन क्षेत्रातली पगारी कामे आहेत. त्यासाठी पदवीबरोबर संशोधन-नीतीचे प्रशिक्षण हवे, आणि ते देण्याची सुरुवात आपल्याच वर्गात होऊ शकते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे उपयोजित नीतिशास्त्राच्या तासाला वाचायला लावा. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक आहेत. तो प्रकल्प संमतिपत्रांच्या भाषेवर करून घ्या. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातल्या प्राध्यापकांनी या सत्रात आपल्या शहरातल्या समितीच्या सदस्य-सचिवांना भेटून एवढेच विचारावे, की बाहेरच्या सदस्यांत तत्त्वज्ञानाचे कुणी आहे का, आणि नसेल तर आमच्यातले कुणी चालेल का.